फणसाच्या लाकडाचा विहार

सोमावती अम्मांच्या पत्राला काशिनाथ सकपाळांनी नऊ वर्षांत उत्तर पाठवलं नव्हतं, आणि आता ते अम्मांच्याच गावाला निघाले होते. कुवेतच्या विमानतळावर कोलंबोच्या विमानाची वाट बघताना त्यांना त्या पत्राची आठवण आली असं म्हणता येणार नाही. आठवण यायला आधी विसरावं लागतं. बाहेर धूळ उठली होती. काचेपलीकडची विमानं पिवळट पडद्याआड अर्धीमुर्धी दिसत होती, आणि सकपाळांच्या मनात एक चोरटी आशा येऊन बसली होती, की धूळ जरा वाढावी आणि विमान रद्द व्हावं.

"नाय होणार रद्द," शेजारी बसलेल्या शैलाताई म्हणाल्या.

"मी काही बोललो का?"

"तुम्ही कधी बोलता? लग्न झाल्यापासून तोंडाकडे बघूनच समजून घेतेय." त्यांनी पर्समधून चिक्कीची डबी काढली. "खा जरा. ती बाई काय तुम्हांला खाणार नाय."

"तिला काय सांगायचं तेच ठरत नाहीये."

"जे झालं ते सांगायचं. चुकलो म्हणायचं. खलास."

शैलाताई कुवेतच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होत्या. सुई टोचल्यावर शीर सापडली नाही, की 'सॉरी हं' म्हणून शेजारची शीर शोधायची, ही त्यांची रीत. सकपाळांचं तसं नव्हतं. त्यांची सुई एकदा चुकली ती नऊ वर्षं तिथेच रुतून बसली होती.

सकपाळ त्याच हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते. त्यांची खोली तळघरात, आणि त्याच बोळात चार दारं सोडून शवागार. तिथे सुमनपाल नावाचा श्रीलंकेचा मदतनीस होता. दुपारचा चहा दोघं एकत्र घेत. एकदा बोलता बोलता सकपाळांनी, आपण बौद्ध आहोत, असं सांगितलं. सुमनपालाने कप खाली ठेवून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"इंडिया का बुद्धिस्ट? काशी भाई, बुद्ध तो तुम्हारा उधर का है. तुम फस्ट, हम लोग सेकंड."

सकपाळ ओशाळून हसले. कसले पहिले? त्यांचे आजोबा चिपळूणजवळच्या एका वाडीत छप्पन साली बौद्ध झाले. सुमनपालाचं गाव दोन हजार वर्षांपासून त्या वाटेवर होतं. घरी बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली सकपाळांची पुस्तकं, भिंतभर. त्यांनी खूप वाचलं होतं, आणि जितकं वाचलं तितकी एक शंका वाढत गेली होती, की आपण खरे बौद्ध की नुसते वाचक.

ते राहत त्या महबूला वस्तीतल्या मराठी बौद्ध कुटुंबांना ही शंका नव्हती. उच्चार स्वच्छ, गळा बरा, म्हणून त्यांनी सकपाळांना बौद्धाचार्य करून टाकलं होतं. शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर कार्यक्रम असे. बारसं, नव्या घरात प्रवेश, कधी गावी ठरलेल्या लग्नाचा इथला समारंभ. सकपाळ पांढरा सदरा घालून जात, त्रिशरण-पंचशील देत आणि मग मंगल गाथा म्हणत. लग्नाच्या गाथांवर तर त्यांचा हातखंडा होता. बायका त्या ऐकायला स्वयंपाकघरातून बाहेर येत. मरण मात्र त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. कुवेतमध्ये आपल्यातलं कुणी गेलं तर त्याला पेटीतून गावी पाठवतात, आणि जे काय म्हणायचं ते तिकडचे लोक म्हणतात.

मग एका सकाळी सुमनपाल एक्स-रेच्या दारात येऊन उभा राहिला.

"काशी भाई, एक लडकी है. हमारे गाव का. नीलूका नाम. सलवा में घरकाम करता था, बुखार में गया. आज उसका फ्लाइट है. कोई भंते नहीं मिला. तुम थोडा बोलो ना."

"अरे, मैं भंते नहीं हूँ."

"मालूम है. भंते होता तो तुमको कायको बोलता?"

सकपाळ हात धुऊन गेले. पेटी अजून बंद केलेली नव्हती. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, कपाळावर केसांची एक बट. बाहेर कागदपत्रं घेऊन एक इजिप्तचा कारकून घड्याळ बघत उभा. सुमनपालाने खिशातला मोबाइल काढून छातीशी धरला. गावी नीलूकाच्या आईला रेकॉर्ड करून ऐकवायचं होतं. सकपाळांनी डोळे मिटले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि त्यानंतर इतक्या वर्षांची शुक्रवारची सवय जिभेवर येऊन बसली. पंचशीलानंतर जे यायचं तेच आलं, चालीसकट, पूर्ण गळ्याने.

तिसऱ्या गाथेच्या मध्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपण लग्नातलं म्हणतो आहोत.

ते थांबले. त्या गार खोलीत त्यांना घाम फुटला. समोर मुलगी, शेजारी हात जोडलेला सुमनपाल, त्याच्या छातीशी चालू असलेला मोबाइल. मरणाच्या वेळचं काय म्हणतात ते त्यांना पाठ होतं. पण त्या क्षणी एक शब्द आठवेना. मग त्यांनी एवढंच केलं, की जे सुरू केलं होतं ते शेवटपर्यंत म्हटलं. आवाज कापत होता, पण एकही ओळ गाळली नाही.

"खलास?" कारकुनाने दारातून विचारलं.

"खलास," सुमनपाल म्हणाला, आणि बाहीने डोळे पुसले.

दोन-तीन महिन्यांनी पत्र आलं. वर गोल गोल सिंहली अक्षरं आणि त्याखाली सुमनपालाच्या हाताचं मोडकं इंग्रजी. नीलूकाच्या आईने, सोमावतीने लिहिलं होतं, की तुमचा आवाज आम्ही ऐकला. गावच्या विहारात सगळ्यांनी ऐकला. आमचा विहार लाकडाचा आहे, फार जुना आहे, तो बघायला या. उत्तर पाठवा.

सगळ्यांनी ऐकला, हे सकपाळांनी दोनदा वाचलं. तरुण मुलीच्या प्रेतापुढे लग्नाच्या गाथा म्हणणारा माणूस, म्हणून आपल्याला एक अख्खं गाव ओळखतं. उत्तर लिहायला ते तीन-चारदा बसले. माफी मागितली तर त्या माउलीची जखम पुन्हा उघडायची. नाही मागितली तर खोटेपणा. कागद फाटत राहिले. सुमनपाल निवृत्त होऊन गावी गेला, फोनवर "कब आता है" विचारत राहिला, आणि सकपाळ "अगले साल" म्हणत राहिले. मधल्या काळात त्यांनी गाथा म्हणणंही सोडलं. घसा गेलाय, असं सांगितलं. महबूल्यातल्या कार्यक्रमांत आता मोबाइलला स्पीकर जोडून गाथा लावतात. सकपाळ मागच्या रांगेत बसून ओठसुद्धा हलवत नसत. नोकरीचं, घरचं सगळं बरं चाललं होतं. एवढा एक आवाज तेवढा बंद पडला होता.

या डिसेंबरात त्यांचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, संपणार होता. मग कायमचं चिपळूण. शैलाताईंनी एका संध्याकाळी परस्पर तिकिटं काढली.

"इथून कोलंबो सरळ विमान हाय. चिपळुणातून जाणार हाव का आपण? नाय जाणार. तिथे गेल्यावर तुमचा घसा आणि तुम्ही, दोघं माळ्यावर."

"पण ते लोक—"

"बाबा, जस्ट गो," मोबाइलवरून मान वर न करता अक्षदा म्हणाली. ती त्यांची मुलगी, कुवेतमध्येच जन्मलेली. "वर्स्ट केस, दे विल गिव्ह यू टी."

धूळ वाढली नाही. विमान वेळेवर सुटलं.

*

सुमनपाल कुरुनेगलच्या स्टँडवर त्याची तीन चाकी रिक्षा घेऊन उभा होता. डोक्यावर केस उरले नव्हते, पुढचे दोन दात गेले होते, पण हसू तेच.

"इतना साल क्या करता था, काशी भाई? जवाब लिखता था? एक लेटर का? किताब लिखा क्या?"

"चांगलं झापा त्यांना," शैलाताई मराठीतच म्हणाल्या. ते सुमनपालाला बरोबर कळलं.

नारळीच्या बागा, भाताचे तुकडे, मध्येच तळं. सकपाळांना गाव जवळ येत असल्याचं कुणी सांगायची गरज नव्हती. रस्त्याकडेची माणसं रिक्षात वाकून बघत होती आणि सुमनपाल हँडल सोडून हात हलवत होता.

"तुम इधर बहुत फेमस है."

"कशासाठी?" सकपाळांनी विचारलं, आणि उत्तर नको म्हणून लगेच बाहेर बघू लागले. त्यांच्या मनात आणखी एक जुनं भय होतं, जे त्यांनी शैलाताईंनाही सांगितलं नव्हतं. तिथे कुणी विचारलं, की तुम्ही त्याआधी कोण होतात, तर?

आणि मग वळणावर विहार दिसला.

सकपाळांनी चित्रांत खूप विहार पाहिले होते. कोरीव लेणी, दगडी स्तूप. हे त्यातलं काहीच नव्हतं. पांढऱ्या वाळूच्या अंगणात कमरेएवढे दगडी खुंट रांगेने उभे होते, आणि त्या खुंटांवर, जमिनीला अंग न लावता, एक अख्खं लाकडी घर बसलं होतं. जाड तुळया, त्यांवर फळ्यांची जमीन, चहूबाजूंनी लाकडी खांबांचा सोपा आणि वर उतरतं कौलारू छप्पर. वाळवी चढू नये म्हणून दगडांवर ठेवलेलं. पाऊस आणि माणसं झेलून खांब काळसर झाले होते. मात्र जिथे हात टेकतात तिथे ते मधासारखे पिवळे होते.

सकपाळांनी एका खांबावर तळवा ठेवला आणि ते नकळत पुढे वाकून वास घेऊ लागले.

"फणस," ते म्हणाले.

"हो ना," शैलाताईही हात फिरवत होत्या. "आमच्या माहेरच्या माजघराचे खांब असेच. बघा, तोच पिवळा."

इथवर येईपर्यंत सकपाळांना वाटत होतं, की आपण परक्या देशात निघालो आहोत. त्या खांबाने त्यांना जरासं आत घेतलं.

तेवढ्यात घोटाळा झालाच. सकपाळांनी उन्हासाठी घातलेली पांढरी टोपी काढायला एका म्हाताऱ्याने खुणावलं, आणि त्याच वेळी शैलाताईंनी पिशवीतून मेणबत्त्यांचं पाकीट काढलं. आपल्याकडे बुद्धासमोर मेणबत्ती लावतात, म्हणून त्या महबूल्याच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, चांगल्या जाड मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या. सुमनपालाने ते पाकीट त्यांच्या हातातून काढूनच घेतलं.

"भाभी, पूरा लकडी है. तुम तीन सौ साल का मंदिर जलाने को आया क्या?"

सगळं अंगण हसलं. मग एका मुलीने शैलाताईंना अंगणातल्या दगडी ओट्याकडे नेलं. तिथे खोबरेल तेलाच्या पणत्या होत्या. त्यांच्या शेजारी मेणबत्त्यांनाही जागा मिळाली.

पौर्णिमेचा दिवस होता. पांढऱ्या कपड्यांतलं सगळं गाव आलं होतं. सोप्यात चटईवर मोठे भंते बसले होते. फार वयस्कर, पण डोळे पोरासारखे. तरुणपणी काही वर्षं सारनाथला राहिल्यामुळे त्यांना स्वच्छ हिंदी येत होतं. त्यांच्यापासून जरा खाली, पायरीवर, एक लहानखुरी बाई बसली होती. सकपाळांना सांगावं लागलं नाही. ती उठली, जवळ आली आणि सिंहलीत एकच गोष्ट विचारली.

"पूछता है, खाना खाया क्या," सुमनपाल म्हणाला.

सकपाळांनी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी हात जोडले. शैलाताईंनी पुढे होऊन अम्मांना सरळ मिठीच मारली.

"हां, तो नागपूर की तरफ से?" भंत्यांनी विचारलं.

"जी, कोंकण. लेकिन हम लोग नये हैं, भंते. दादा के टाइम से. तीन ही पीढी हुई."

भंत्यांनी वर तुळयांकडे बघितलं. "यह विहार भी एक दिन नया था. तब लकडी से दूध टपकता होगा." आणि ते आपल्याच बोलण्यावर हसले. त्याआधी कोण होतात, हे कुणी विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

मग अम्मांनी काहीतरी म्हटलं आणि गाव शांत झालं. सुमनपालाने छाती पुढे काढली.

"काशी भाई, अम्मा बोलता है, उस दिन तुमने नीलूका के लिए शादी का गाथा बोला. उसका शादी होने का था. इधर से गया तब बोलके गया, दो साल में आके शादी करेगा. तुम कुछ नहीं जानता था, फिर भी तुमने वोही बोला. पूरा गाव बोलता है, इंडिया का आदमी बहुत बडा ग्यानी है."

सकपाळांच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. नऊ वर्षं ते ज्याला कलंक समजत आले होते त्याचं इथे देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं काहीतरी झालं होतं. गप्प बसलं की झालं. हात जोडून, मान खाली घालून, मोठ्या माणसासारखं हसायचं. त्या बाईला त्यात समाधान आहे, ते का काढून घ्यायचं? त्यांनी शैलाताईंकडे पाहिलं. पण ज्ञानी म्हणून ही पायरी आपण चढलो, तर हा आवाज कधीच आपला होणार नाही, एवढं मात्र सकपाळांना लख्ख कळलं.

"सुमनपाल," ते म्हणाले, "अम्माला सांग, मी जाणूनबुजून नाही म्हटलं. गलती से बोला. आदत से. बीच में समझा, तब तक देर हो गयी थी."

सुमनपालाचं तोंड उघडंच राहिलं. "ये मैं नहीं बोलेगा."

"बोल ना."

"नहीं बोलेगा. नौ साल सबको मैंने बोला, जान के बोला. अब तुम मेरे को झूठा बनाता है? चाय पियो, चुप बैठो."

"भंते," सकपाळ भंत्यांकडे वळले. त्यांनी सगळं सांगितलं. मरणाच्या गाथा कधी म्हटल्या नव्हत्या ते, जिभेची सवय, तिसरी गाथा, घाम. पत्राला उत्तर का दिलं नाही तेही. भंते डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी अम्मांना सिंहलीत सांगितलं, सावकाश, काहीही न गाळता. लोक एकमेकांकडे बघू लागले. सुमनपाल खांबाआड जाऊन उभा राहिला.

अम्मांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्या बोलल्या त्यातलं भंत्यांनी हिंदीतून एवढं सांगितलं:

"कहती है, मुझे मालूम था. वह आवाज मैंने इतनी बार सुनी है. बीच में एक जगह तुम रुक गये हो. जो सोचकर बोलता है, वह वैसे नहीं रुकता. गाँववाले कुछ भी कहें, माँ को मालूम था."

सकपाळांनी अम्मांकडे वळून विचारलं. "फिर... पत्र क्यों लिखा?"

अम्मांनी हा प्रश्न भंत्यांची वाट न बघता समजून घेतला. त्या आता थेट सकपाळांशी बोलत होत्या, सिंहलीतच, आणि भंते मागून सांगत होते.

"कहती है, मेरी बेटी का सब आधा छूट गया. नौकरी आधी, शादी आधी, उमर आधी. आखिर में एक अनजान आदमी था जो गलती समझकर भी भागा नहीं, आखिर तक बोला. बस, उसको देखना था."

खांबाआडून सुमनपाल नाक ओढत होता. शैलाताईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि कुणी पाहील म्हणून लगेच पदरानेच चष्मा पुसू लागल्या.

"और कहती है," भंते पुढे म्हणाले, "उस दिन जो बोलना था, वह बाकी है. आज बोलोगे?"

नऊ वर्षांत न वापरलेला गळा. सकपाळ लाकडी जिना चढून आत गेले. आत दहा माणसं जेमतेम मावतील एवढी जागा, भिंतींवर फिकट झालेल्या चित्रांच्या रांगा, समोर बसलेला बुद्ध. अम्मा त्यांच्या शेजारी बसल्या, बाकीचे सोप्यात आणि खाली वाळूवर. गुडघे टेकताना पायाखालची फळी कुरकुरली. सकपाळांनी त्रिशरण सुरू केलं. पहिला शब्द खरखरत, अर्धा हवेत विरलेला. दुसऱ्याला त्यांनीच दचकून आवाज कमी केला. पंचशील झालं आणि ते थांबले. जिभेवर पुन्हा तीच जुनी सवय येऊन उभी होती. त्यांनी तिला ओळखलं आणि बाजूला केलं. मग मरणाच्या गाथा, एक एक शब्द पायाखाली चाचपून बघत.

आणि त्या लाकडाने आवाज धरला. दगडी खोलीत आवाज परत येतो. इथे तो परत येत नव्हता, तुळयांत, फळ्यांत शिरून खालपर्यंत उतरत होता. सकपाळांना गुडघ्यांतून तो जाणवला. दुसऱ्या ओळीला बाहेरून कुणी बायकांनी साथ धरली, तिसरीला पुरुषांनी. त्यांचे उच्चार निराळे, हेल निराळा. पण शब्द तेच, आणि ते त्याच ठिकाणी श्वास घेत होते. सकपाळांना वाटलं होतं आपण मागे पडू. उलट गाव त्यांच्यासाठी थांबत होतं, त्यांचा शब्द आला की पुढे जात होतं. एवढ्याशा घरातून दोनशे माणसांचा आवाज छपराखाली दाटला, आणि त्याच्या तळाशी चिपळूणच्या वाडीतल्या एका नातवाचा स्वच्छ, भरलेला गळा होता. तो कापत नव्हता. त्यांनी डोळे उघडले तेव्हा अम्मा हात जोडून, ओठ हलवत, त्यांच्याबरोबर म्हणत होत्या.

संपल्यावर कुणीतरी दुधातला भात आणला, आणि एकदम सगळे बोलायला लागले.

"कौन बोलता था घसा गया?" सुमनपाल केळीच्या पानावर भात वाढत म्हणाला. त्याचा राग गेला होता, निदान तसं दाखवत होता. "झूठा आदमी. दोनों बार मेरे को फसाया."

"दोनों बार तुमने मागितलं म्हणून म्हटलं," सकपाळ मराठी-हिंदीची भेसळ करत म्हणाले, आणि स्वतःच मोठ्याने हसले. शैलाताईंनी मान वळवून बघितलं. हे हसू त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

निघताना अम्मा रिक्षापर्यंत आल्या आणि बोट नाचवत काहीतरी बोलल्या. भंते सोप्यातून हसत होते.

"तुम आया, अच्छा हुआ," सुमनपालाने सांगितलं. "लेकिन अम्मा बोलता है, लेटर का जवाब अभी भी नहीं आया. पोस्टमन को इतना साल पूछा, उसके सामने इज्जत का सवाल है. तुम्हारा भाषा में लिखो, भंते पढेगा. लेकिन पोस्ट से आना मांगता."

*

परतल्यानंतरच्या शुक्रवारी महबूल्यात शैलेश जाधवच्या मुलीचं बारसं होतं. हॉलमध्ये पाळणा सजवला होता, समुद्राकडच्या खिडकीतून दमट वारा येत होता. सगळे बसल्यावर शैलेशने नेहमीप्रमाणे मोबाइल स्पीकरला जोडला.

"ते राहू दे," मागच्या रांगेतून सकपाळ म्हणाले.

"काय झालं काका? आवाज मोठा होतोय काय?"

"नाही. बंद कर. मी म्हणतो."

शैलेशने आधी त्यांच्याकडे, मग शैलाताईंकडे पाहिलं. शैलाताई पाळण्याची दोरी सरळ करण्यात गुंतल्या होत्या. लोकांनी सरकून मध्ये वाट केली. सकपाळ पुढे जाऊन बसले, घसा खाकरला, आणि पंचशीलानंतर मंगल गाथा धरल्या, जुन्या चालीत, पूर्ण गळ्याने. स्वयंपाकघरातल्या बायका हातातलं टाकून दारात आल्या. अक्षदाने त्यांना गाताना कधी नीट ऐकलंच नव्हतं. तिने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"वॉव, बाबा," ती नंतर म्हणाली. "यू वेअर हायडिंग दॅट?"

"हायडिंग नव्हतं ग," सकपाळ म्हणाले. "सापडत नव्हतं."

रविवारी त्यांनी ड्यूटीच्या आधी पत्र लिहिलं. कागद एकही फाटला नाही. 'ति. सोमावती अम्मांस, सप्रेम जयभीम. तुमचं पत्र मिळालं,' अशी सुरुवात केली, आणि आपल्याच लिहिण्याकडे बघून जरा हसले. पुढे फणसाच्या खांबांबद्दल लिहिलं, शैलेशच्या मुलीच्या बारशाबद्दल लिहिलं, आणि पोस्टमनला नमस्कार सांगायला लिहिलं.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीपलीकडच्या कारकुनाने पाकीट उलटसुलट करून बघितलं. पत्ता सिंहलीत आणि इंग्रजीत, सुमनपालाने पाठवल्याप्रमाणे.

"श्रीलंका? लेटर?" तो म्हणाला. "व्हॉट्सॲप माफी? नहीं है?"

"व्हॉट्सॲप आहे," सकपाळ म्हणाले. "हे लेटर आहे."

कारकुनाने खांदे उडवले, पाकीट तोललं, तिकीट चिकटवलं आणि त्यावर शिक्का मारला. मग मागे न बघताच पाकीट पोत्यात टाकलं.

"कधी पोचेल?"

"इन्शाल्ला," कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हात केला.

बाहेर गाडीत शैलाताई एसी लावून बसल्या होत्या.

"टाकलंत?"

"टाकलं," सकपाळ म्हणाले, आणि पट्टा लावून घेतला.